किती किलोनं सुरुवात करावी? पहिल्यांदा वजन उचलणाऱ्यांसाठी

व्यायामशाळेत पहिल्या दिवशी आलेला माणूस रॅकसमोर उभा राहतो आणि हमखास एकच प्रश्न विचारतो, "मी किती किलो घेऊ?" कुणीतरी एक आकडा सांगतं. बहुतेक वेळा तो सांगणाऱ्याच्या स्वतःच्या सुरुवातीचा आकडा असतो. विचारणाऱ्याची उंची, त्याचे खांदे, त्याची जुनी दुखणी यांच्याशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणून मला कुणी विचारलं तर मी आकडा सांगत नाही, खूण सांगते. ज्या वजनाने सेटमधला शेवटचा रेप पहिल्या रेपसारखाच दिसतो, ते तुमचं आजचं वजन. शेवटच्या दोन रेपमध्ये कंबर गोल झाली, टाच उचलली गेली किंवा रॉड एका बाजूला कलला, तर वजन जास्त आहे. ते कसंबसं वर गेलं असेल, तरीही जास्तच आहे.

(रेप म्हणजे हालचालीचं एक पूर्ण आवर्तन आणि सेट म्हणजे सलग केलेल्या रेपचा एक गट. हे दोन शब्द इथे सतत येणार आहेत.)

मला हे उशिरा कळलं. सुरुवातीच्या महिन्यात मी डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलण्याच्या व्यायामाला, दर वेळी दोन्हीकडे एकेक छोटी प्लेट (वजनाची चकती) वाढवत गेले. रॉड वर येतोय म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं मी धरून चालले होते. एका संध्याकाळी पाचव्या रेपला कमरेत उसण भरली आणि पुढचे दोन आठवडे पायमोजे घालायलाही वाकता येईना. परत आले ती रिकाम्या रॉडपाशी. तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं की इतके दिवस मी वजन पायांनी उचलतच नव्हते, सगळा भार कमरेवर घेत होते. तेव्हापासून तंत्र आणि वजन हे दोन वेगळे विषय आहेत असं मी मानत नाही. इथेही ते वेगळे केलेले नाहीत.

सुरू करण्याआधी एक काळजी. हृदयाचा आजार, काबूत नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, कमरेतून पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. यांपैकी बऱ्याच जणांना व्यायाम वर्ज्य नसतो, उलट उपयोगाचाच असतो. फक्त त्यांची सुरुवात वेगळी असते आणि ती ज्याला तपासणी करता येते त्यानेच ठरवावी.

पायरी १: रॉड ओळखा आणि बेरीज शिका

लांब रॉड, म्हणजे बारबेल, रिकामा असला तरी हलका नसतो. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि २.२ मीटर लांब असतो. महिलांचा १५ किलोचा, थोडा आखूड आणि धरायच्या जागी २८ ऐवजी २५ मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे तो लहान मुठीत नीट बसतो. याशिवाय बऱ्याच ठिकाणी आखूड, हलके रॉडही ठेवलेले असतात आणि त्यांवर वजन लिहिलेलं नसतं. अंदाज बांधू नका. रॉड हातात धरून वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा.

वहीत नेहमी रॉडसकट बेरीज लिहा. २० चा रॉड आणि दोन्हीकडे ५-५ म्हणजे ३० किलो. काही जण फक्त प्लेटच मोजतात. अशा माणसाचा सल्ला घेताना २० किलोंचा घोळ सहज होतो. स्मिथ मशीनमधला रॉड तर रुळांवर सरकतो आणि काही मशीनमध्ये त्याला आतून भार जोडून तो हलका केलेला असतो. तिथले ४० किलो आणि मोकळ्या रॉडचे ४० किलो यांची तुलना करू नका.

मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, म्हणजे त्या लावल्यावर रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटर उंचीवर राहतो. नवख्या माणसाकडे मोठ्या प्लेट लावण्याइतकी ताकद सहसा नसते. तो ५ किलोच्या छोट्या प्लेट लावतो, रॉड आणखी खाली जातो आणि डेडलिफ्टसाठी जास्त वाकावं लागतं. म्हणजे ज्याला वाकायची सवय सगळ्यांत कमी, त्यालाच सगळ्यांत खालून उचलावं लागतं. उपाय सोपा आहे. रॉडच्या दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे किंवा आडव्या प्लेटची चळत ठेवून त्याला योग्य उंचीवर आणा.

प्लेट चढवल्या की दोन्हीकडे क्लिप लावा. उतरवताना एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची अशा आळीपाळीने काढा. रॅकवरच्या रॉडची एक बाजू पूर्ण रिकामी केली, तर दुसरी बाजू खाली कोसळते आणि रॉडचं मोकळं टोक उसळून वर येतं. बुटांचा तळ सपाट आणि कडक हवा. पळायच्या मऊ बुटांत जड वजन घेऊन उभं राहणं म्हणजे गादीवर उभं राहण्यासारखं आहे.

पायरी २: हातात काहीही न घेता कंबर कसा

या पायरीला एक पूर्ण आठवडा दिलात तरी चालेल. इथे शिकायच्या गोष्टी दोनच, पण पुढचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे.

पहिली गोष्ट खुब्यातून वाकणं. रोजच्या आयुष्यात खाली पडलेली वस्तू उचलताना आपण कमरेतून पोक काढून वाकतो. वजन घेऊन वाकताना घडी पडायला हवी ती मांडी आणि धड जिथे मिळतात त्या सांध्यात, म्हणजे खुब्यात. भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा. आता नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. छाती आपोआप पुढे झुकेल. मग दोन-तीन इंच पुढे सरका आणि पुन्हा टेकवा. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला की समजा जमलं. ताण कमरेत जाणवत असेल तर अजून पाठच वाकते आहे.

याची पडताळणी काठीने होते. एक सरळ काठी पाठीवर उभी धरा. ती तीन ठिकाणी टेकायला हवी: डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाड. खुब्यातून वाकताना या तिन्ही जागा काठीला चिकटून राहिल्या, तर कणा आपल्या जागी आहे. माकडहाड सुटलं तर कंबर गोल झाली, डोकं सुटलं तर मान वाकली. आरशापेक्षा मला ही काठी जास्त भरवशाची वाटते. आरशात बघायला मान वळवावी लागते आणि मान वळली की पाठही वळते.

दुसरी गोष्ट श्वास आणि पोट. "कंबर कसणे" हा वाक्प्रचार आपण निर्धारासाठी वापरतो, पण वजन उचलताना तो शब्दशः खरा आहे. उभे राहा, दोन्ही हातांचे अंगठे मागे आणि बोटं पुढे अशा रीतीने कंबर धरा. आता असा श्वास घ्या की छाती वर उचलली न जाता पोट पुढे, बाजूंना आणि मागेही फुगेल आणि हातांना सगळीकडून दाब जाणवेल. मग कुणी पोटात बोट खुपसणार आहे अशा बेताने पोटाचे स्नायू घट्ट करा. पोट आत ओढून घ्यायचं नाही, फुगलेलं असतानाच कडक करायचं. आत भरलेला हा दाब कण्याला चहूबाजूंनी आधार देतो. हवा भरलेला फुगा दाबला तरी सहज घडी घालत नाही, रिकामा फुगा लगेच दुमडतो.

श्वास रोखून दाब धरण्याच्या या क्रियेला इटालियन शरीरशास्त्रज्ञ अंतोनिओ वाल्साल्व्हा (१६६६–१७२३) यांचं नाव आहे. तिच्यामुळे काही क्षण रक्तदाब बराच चढतो, म्हणून नवख्या माणसाने हलक्या वजनावर श्वास दीर्घकाळ कोंडून ठेवायची गरज नाही. खाली जाण्याआधी श्वास भरा, वर येताना अर्ध्याहून पुढे गेलात की हळू सोडा, वर उभे राहून पुन्हा भरा. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी श्वास रोखायचाच नाही. वर जाताना सोडत राहायचं आणि वजन त्या मानानं कमी ठेवायचं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच रॉड ठेवून खाली बसा.

पायरी ३: हालचाली

सुरुवातीला पाच हालचाली पुरतात: उकिडवं बसून उठणं (स्क्वॉट), जमिनीवरून उचलणं (डेडलिफ्ट), छातीपासून दूर ढकलणं, शरीराकडे ओढणं आणि डोक्यावर ढकलणं. पहिल्या दोनमध्ये सगळ्यांत जास्त वजन पेललं जातं आणि चुकाही तिथेच महाग पडतात, म्हणून त्या सविस्तर.

स्क्वॉटची सुरुवात रॉडने करू नका. एक डंबेल उभं धरून छातीशी टेकवा, दोन्ही तळहात वरच्या चकतीखाली. पुढे धरलेल्या या वजनामुळे तोल मागे जात नाही आणि धड आपोआप ताठ राहतं. पाय खांद्यांइतके रुंद, चवडे थोडे बाहेर वळलेले. खाली जाताना गुडघे चवड्यांच्या दिशेने जाऊ द्या, आत मिटू देऊ नका. तळपायाचे तीन बिंदू जमिनीला चिकटलेले हवेत: टाच, अंगठ्याचा मूळ भाग आणि करंगळीचा मूळ भाग.

"गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल. ते नियम म्हणून पाळू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्क्वॉट करणाऱ्यांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून गुडघे अडवले होते. गुडघ्यावरचा ताण थोडा घटला खरा, पण धड जास्त पुढे झुकलं आणि खुब्यावर, पर्यायाने कमरेवर येणारा भार कितीतरी पटींनी वाढला. लांब मांडीच्या माणसाचा गुडघा पुढे जाणारच. टाच जमिनीवर आहे आणि गुडघा चवड्याच्या रेषेत आहे, एवढं पाहा.

किती खाली जायचं? मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत किंवा त्याहून थोडं खाली. पण त्याआधीच माकडहाड आत वळून कंबर गोल होऊ लागली, तर तुमची आजची खोली त्या जागेच्या बोटभर वर. टाच उचलली जात असेल तर बहुधा घोटा ताठर आहे. टाचेखाली पातळ प्लेट ठेवून पाहा. घोटा सैल होईपर्यंत हा आधार घेण्यात कमीपणा नाही. वर येताना खांदे आणि नितंब एकाच वेगाने वर यायला हवेत. नितंब आधी वर आणि छाती मागे राहिली, तर स्क्वॉटचं रूपांतर कमरेने उचलण्यात झालं. वजन जास्त असल्याची मला माहीत असलेली सगळ्यांत खरी खूण हीच.

डंबेल छातीशी धरून दहा-दहाचे तीन सेट सहज जमू लागले आणि आता हातच आधी थकतात असं वाटलं, की रॉडकडे जा. रॉड मानेच्या हाडावर ठेवायचा नाही. खांद्यांची पाती मागे ओढली की पाठीच्या वरच्या भागात जो स्नायूंचा उंचवटा तयार होतो, त्यावर तो टेकवायचा. रॅकच्या आडव्या सुरक्षा पट्ट्या तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा इंचभर खाली लावा आणि पहिल्याच दिवशी रिकाम्या रॉडने एकदा मुद्दाम खाली बसून तो त्या पट्ट्यांवर सोडायचा सराव करा. वजन घेऊन अडकलात तर काय करायचं हे अंगाला माहीत असेल, तर भीती निम्मी होते.

डेडलिफ्टसाठी पाय खुब्याइतक्या अंतरावर ठेवून असे उभे राहा की वरून पाहिल्यावर रॉड बुटाच्या लेसच्या बरोबर मधोमध दिसेल. नडगी आणि रॉड यांच्यात दोन-तीन सेंटीमीटर अंतर. खुब्यातून वाकून रॉड पकडा, दोन्ही तळहात स्वतःकडे. मग गुडघे पुढे आणून नडगी रॉडला टेकवा आणि रॉड न हलवता छाती उंच करा. आता हात दोरांसारखे सरळ लोंबत आहेत, पाठ काठीच्या परीक्षेसारखी सरळ आहे. श्वास भरा, कंबर कसा. रॉडला हिसका देऊ नका. आधी हळूच ओढून रॉड आणि प्लेट यांच्यातली ढिलाई संपवा, एक बारीकसा "टक" आवाज येईल. त्यानंतर पायांनी जमीन खाली ढकलायची. रॉड पायांना जवळजवळ घासत वर यायला हवा. तो पायांपासून जितका लांब जाईल तितकं तेच वजन कमरेला जड पडतं, जसं हात लांब करून धरलेली भरलेली बादली पोटाशी धरलेल्या बादलीपेक्षा जड लागते. वर पोहोचल्यावर सरळ उभे राहा, मागे रेलू नका. खाली आणताना आधी नितंब मागे आणि रॉड गुडघ्याखाली गेला की मगच गुडघे वाकवा.

मूठ सुटू लागली तर सेट तिथेच संपवा. पहिल्या काही महिन्यांत पकड हाच तुमचा नैसर्गिक लगाम आहे. मनगटाला पट्टे बांधून तो सैल करू नका.

छातीपासून ढकलण्यासाठी जोर मारणं उत्तम आहे. जमिनीवर जमत नसतील तर हात उंच बाकावर टेकवून मारा, जमतील तसा बाक खाली आणा. बेंच प्रेस, म्हणजे बेंचवर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं, करताना खांद्यांची पाती मागे-खाली दाबून बेंचवर रोवा, अंगठा रॉडभोवती गुंडाळा, मनगट सरळ ठेवा आणि कोपरं कानांच्या रेषेत पसरू न देता थोडी शरीराकडे घ्या. रॉड छातीच्या खालच्या भागाला हलका स्पर्श करून वर जाईल. सुरक्षा पट्ट्या किंवा डोक्याशी सावध माणूस नसेल, तर एकट्याने रॉडचं बेंच करू नका. त्या दिवशी डंबेल घ्या.

ओढण्यासाठी बाकावर एक हात टेकवून डंबेल रोइंग करा. कोपर मागे, खिशाच्या दिशेने न्या, धड वळवू नका. डोक्यावर ढकलताना नितंब आवळलेले आणि बरगड्या खाली ठेवा. पाठ मागे कमानीसारखी वाकली की वजन उतरवा. या दोन्हींत सांगण्यासारखं याहून फार नाही.

पायरी ४: पहिलं वजन शोधा

आता मूळ प्रश्न. समजा स्क्वॉटसाठी तुम्हाला ८ रेपचं वजन हवंय. रिकाम्या २० किलोच्या रॉडने ८ रेप करा. सगळे सारखे आणि सहज झाले? दोन मिनिटं थांबा, ३० करा. पुन्हा सहज? ३५. इथे सातव्या रेपला वर येण्याचा वेग थोडा मंदावला, पण हालचालीचा आकार तोच राहिला. रॉड ठेवा आणि स्वतःला विचारा: याच आकारात अजून किती झाले असते? उत्तर दोन किंवा तीन असेल तर ३५ हे तुमचं वजन. तुम्ही ४० करून पाहिलेत आणि पाचव्या रेपला नितंब आधी वर आले, तरीही उत्तर ३५ च. ज्यांना २० चा रॉडच जड जातो त्यांनी डंबेलवरच राहावं. त्यात काहीही चुकीचं नाही.

सेटच्या शेवटी दोन-तीन रेप शिल्लक ठेवणं हे नवख्या माणसासाठी सगळ्यांत उपयोगी माप आहे. अडचण एवढीच की सुरुवातीला हा अंदाज चुकतो. दम लागला, मांडी जळजळली की वाटतं आता संपलं, पण प्रत्यक्षात चार-पाच रेप अंगात शिल्लक असतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा, फक्त एका सुरक्षित व्यायामात, उदाहरणार्थ बसून ओढायच्या मशीनवर, खरोखर थांबेपर्यंत सेट करा. मध्येच जिथे वाटेल "आता दोनच उरले", तिथे मनात खूण करा आणि पुढे मोजत राहा. दोनाचे पाच निघाले तर इतर व्यायामांतही तुम्ही फार लवकर थांबत आहात. मोकळ्या रॉडच्या स्क्वॉट, बेंच किंवा डेडलिफ्टमध्ये हा प्रयोग करायचा नाही.

एकदाच उचलता येईल असं कमाल वजन किती, हे कळायची पहिल्या सहा महिन्यांत काहीही गरज नाही. फारच उत्सुकता असेल तर गणित करा: वजन गुणिले (१ अधिक रेप भागिले ३०). ४० किलोचे जास्तीत जास्त ८ रेप होत असतील तर उत्तर येतं ५१ किलोच्या आसपास. कागदावर कमाल काढली की कमरेला किंमत मोजावी लागत नाही.

मुख्य वजनाआधी तयारीचे सेट हवेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म जखमी सैनिकांचे कमजोर झालेले स्नायू वजनांनी बळकट करत होते. पुढे त्यांनी तीन सेटची जी पद्धत रूढ केली, तिच्यात रुग्णाला जेमतेम १० वेळा उचलता येणारं वजन शोधायचं आणि पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने करायचा. त्यातली निम्मं-पाऊण-पूर्ण ही चढण आजही उपयोगी आहे. ३५ किलोच्या स्क्वॉटसाठी आधी २० चे ८, मग २५ चे ५ आणि मग मुख्य सेट.

पायरी ५: वाढवायचं कधी आणि किती

८ ते १२ अशी रेपची मर्यादा धरा. ३५ किलोचे तीन सेट ८-८-८ झाले. पुढच्या वेळी वजन तेच, रेप जमतील तितके वाढवा: ९-९-८, मग १०-९-९. तिन्ही सेट १२-१२-१२ स्वच्छ झाले की वजन वाढवा आणि पुन्हा ८ वर या. आधी रेप, मग किलो. या पद्धतीत वजन वाढवायचा निर्णय उत्साहाच्या भरात होत नाही, वहीत बघून होतो.

वाढ टक्क्यांत मोजा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ साली दिलेली शिफारस अशी: ठरवलेल्या रेपपेक्षा एक-दोन जास्त जमू लागले की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवा. आता हे प्रत्यक्ष वजनांशी ताडून पाहा. ५० किलोच्या डेडलिफ्टमध्ये दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोची प्लेट लावली तर वाढ अडीच किलोंची, म्हणजे ५ टक्के. पण ५ किलोच्या डंबेलवरून साडेसातवर उडी घेतलीत तर ती ५० टक्क्यांची वाढ आहे! दिसायला दोन्हीकडे अडीचच किलो. खांद्याच्या व्यायामात लोक महिनोन्महिने अडकतात त्याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. त्यांची ताकद कमी पडत नाही, पायरी उंच पडते. अशा वेळी १२ वर न थांबता १५-१६ रेपपर्यंत जा, मग मोठ्या डंबेलचा पहिला सेट ६-७ रेपचा झाला तरी चालेल. किंवा फक्त पहिला सेट नव्या डंबेलने आणि बाकीचे जुन्याने करा. व्यायामशाळेत सव्वा किलोच्या प्लेट नसतील तर त्या मागून घ्या. माझ्या मते नवख्यांसाठी तिथली सगळ्यांत मोलाची वस्तू तीच आहे.

पायांच्या व्यायामात सुरुवातीला एका वेळी ५ किलो वाढवता येतात, हातांच्या व्यायामात अडीच किंवा त्याहून कमी. पहिल्या दीड-दोन महिन्यांत आकडे भराभर चढतात. त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो. आहे त्याच स्नायूंना एकत्र कामाला लावायला मेंदू शिकत असतो. स्नायू भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे सर्वांत सावकाश बळकट होतात. म्हणून वजन सहज वाटत असतानाही टप्प्यानेच वाढवा. कोपराच्या, गुडघ्याखालच्या, खांद्याच्या पुढच्या रेंगाळणाऱ्या दुखण्यांची सुरुवात बऱ्याचदा या सोप्या वाटणाऱ्या आठवड्यांतच झालेली असते.

पायरी ६: आठवडा कसा भरायचा

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शिका प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगते. नवख्याने दोन किंवा तीन दिवस करावा, मध्ये एक दिवस मोकळा सोडून. दर दिवशी पाचही हालचाली, प्रत्येकी दोन-तीन सेट. तीन दिवस येत असाल तर रॉडची डेडलिफ्ट एकाच दिवशी ठेवा, उरलेल्या दोन दिवशी हलकी डंबेल घेऊन फक्त खुब्यातून वाकण्याचा सराव करा. मोठ्या व्यायामांत दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती घ्या. घाईने घेतलेल्या सेटमध्ये आधी श्वास तुटतो आणि मग आकार. श्वास पुरला नाही म्हणून वजन कमी करण्यापेक्षा एक मिनिट जास्त बसा.

दोन दिवसांनी अंग दुखेल. ठणका साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतो, दोन्ही बाजूंना सारखा आणि स्नायूच्या मांसल भागात असतो, हालचाल केली की सैल पडतो. त्यात पुढचा व्यायाम थोडा हलका करून करता येतो. पण सांध्यात टोचणारी, एकाच बाजूची, उचलताना अचानक उठलेली, बधिरपणा किंवा मुंग्या आणणारी वेदना वेगळी. तिच्यावर आणखी एक रेपही करू नका. आणि छातीत दाब किंवा भोवळ आली तर थेट वैद्यकीय मदत घ्या.

दर आठवड्याला एका मुख्य सेटचं चित्रण करा. मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवा, समोर नको. पहिला रेप आणि शेवटचा रेप एकामागोमाग बघा. पाठीचा कोन, टाच, वर येताना आधी काय उठतं, एवढंच पाहायचं. करताना जे सरळ वाटतं ते अनेकदा सरळ नसतं. मला स्वतःची गोल पाठ पहिल्यांदा दिसली ती अशीच.

अडलं तर

सलग दोन-तीन वेळा रेप वाढले नाहीत, तर आधी झोप, जेवण आणि सेटमधली विश्रांती तपासा. ते ठीक असेल तर वजन १० टक्क्यांनी उतरवा आणि पुन्हा चढत या. ४० वर अडलेला माणूस ३६ वरून, म्हणजे जवळच्या ३५ किंवा साडेसदतीसवरून पुन्हा सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत सहसा ४० ओलांडतो, कारण खालच्या वजनांवर त्याचे रेप आता आधीपेक्षा स्वच्छ झालेले असतात. मागे येणं लाजिरवाणं वाटून त्याच वजनाशी झटत राहणारे मी पाहिलेत. त्यांचा आकार दर आठवड्याला थोडा थोडा बिघडत जातो आणि आकडा मात्र तिथेच राहतो.

आजारपण किंवा प्रवासामुळे आठवडाभर खंड पडला, तर जुन्याच वजनाने पण एक सेट कमी करून सुरू करा. तीन-चार आठवड्यांचा खंड असेल तर वजन किमान एक पंचमांश उतरवा. ताकद परत येते, आणि पहिल्यांदा कमवायला लागली त्याहून लवकर येते. परतल्यावर पहिल्या दिवशी मात्र तयारीच्या सेटमध्ये ८ रेप करून पाहा. निम्म्या वजनाचा रॉडही ओळखीपेक्षा जड लागला, तर त्या दिवशी पाऊणपटीवरच थांबा आणि वहीत तारखेसमोर, रॉडसकट, तोच आकडा लिहा.